साठ हजारांची पुडी आणि आठशेची गरज

साठी ओलांडलेल्या माणसाच्या औषधांच्या डब्यात हल्ली एक गोष्ट हमखास सापडते. ड जीवनसत्त्वाची, म्हणजे सगळे ज्याला ‘डी थ्री’ म्हणतात त्याची, साठ हजार युनिटची गोळी नाहीतर दुधात घालून प्यायची पुडी. आठवड्यातून एकदा, बऱ्याच घरांत रविवारी. कुणी ती चार आठवडे घेऊन विसरून जातं, कुणी दोन-दोन वर्षं घेत राहतं, तर कुणी गुडघे दुखायला लागले की केमिस्टकडून आणून मनानेच पुन्हा सुरू करतं. पुडी हे चांगलं औषध आहे. रिकामा झालेला साठा भरून काढायला ती स्वस्त आणि सोयीची आहे. पण तिचा कोर्स संपल्यावर पुढे काय, हे बहुतेकांना कुणी सांगितलेलंच नसतं. म्हातारपणी ड जीवनसत्त्व थोडंच लागतं, पण ते रोज लागतं आणि कायम लागतं. घोळ होतो तो इथेच.

आधी ते शरीरात करतं काय, हे पाहू. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातून रक्तात शोषलं जायला ड जीवनसत्त्व लागतं. ते कमी पडलं की रक्तातली कॅल्शियमची पातळी टिकवायला शरीर हाडांमधून कॅल्शियम काढायला लागतं. गळ्यातल्या थायरॉइडच्या मागे चार छोट्या पॅराथायरॉइड ग्रंथी असतात, त्यांच्या हुकमाने हे काम चालतं. वर्षानुवर्षं असं होत राहिलं की हाड पोकळ होतं. कमतरता फारच मोठी असेल तर नवं हाड नीट कडकच होत नाही, मऊ राहतं. अशा माणसाला बरगड्या, कंबर, मांड्या, नडगी अशा ठिकाणी खोल ठसठस जाणवते, आणि खुब्याजवळचे, दंडातले स्नायू दुबळे होतात. जमिनीवर मांडी घालून बसलेल्या आजींना उठताना शेजारच्याचा हात लागतो, खुर्चीतून उठताना दोन्ही हातांनी रेटा द्यावा लागतो, जिना चढताना कठड्याला धरून अंग वर ओढावं लागतं. घरातले म्हणतात, वय झालं. बऱ्याचदा खरंच वय झालेलं असतं. पण त्यात ड जीवनसत्त्वाची मोठी कमतरता दडलेली असेल तर ती औषधाने भरून येते आणि काही महिन्यांत उठणं-बसणं सुधारतं. म्हणून ही लक्षणं ‘वय’ म्हणून सोडून देऊ नयेत.

ड जीवनसत्त्व बनतं त्वचेत, उन्हातल्या अतिनील किरणांच्या एका पट्ट्यामुळे. तिथून ते यकृतात जातं, थोडं बदलतं, मग मूत्रपिंडात आणखी बदलतं आणि तेव्हाच खऱ्या अर्थाने कामाला लागतं. वय वाढतं तसं या वाटेवर ठिकठिकाणी कमी पडत जातं. सत्तरीतल्या त्वचेची ड जीवनसत्त्व बनवायची क्षमता विशीतल्या त्वचेच्या निम्म्याहूनही कमी असते, कारण ज्या कच्च्या मालापासून ते बनतं तोच त्वचेत कमी झालेला असतो. मूत्रपिंडं थकलेली असतात. आहार कमी झालेला असतो. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे बाहेर जाणंच कमी झालेलं असतं.

कोवळं ऊन आणि सावलीची खूण

आपल्याकडे हवामान उन्हाचं, मग कमतरता कशी, हा प्रश्न सगळेच विचारतात. उत्तराचा मोठा भाग आपल्या आवडत्या सल्ल्यातच आहे: ‘सकाळचं कोवळं ऊन अंगावर घ्या.’ या उन्हात फिरणं मनाला, झोपेला, सांध्यांना चांगलंच. पण ड जीवनसत्त्वासाठी ते जवळजवळ निरुपयोगी. ज्या किरणांमुळे ते बनतं त्यांना अतिनील ‘बी’ म्हणतात. सूर्य खाली असताना ऊन हवेच्या जाड थरातून तिरकं येतं आणि हे किरण वाटेतच शोषले जातात. सूर्य वर आला की ते त्वचेपर्यंत पोचतात.

घड्याळाशिवाय ओळखायची साधी खूण आहे. उभं राहून आपली सावली पाहायची. ती आपल्या उंचीहून आखूड असेल तर ऊन कामाचं, लांब असेल तर फक्त उबेचं. पुण्यात मे महिन्यात सावली सकाळी साडेनऊच्या आसपासच उंचीहून आखूड होते. डिसेंबरात मात्र ती साडेअकराच्या सुमाराला आखूड होते आणि पावणेदोनपर्यंत पुन्हा लांब व्हायला लागते. म्हणजे थंडीत आजोबा ज्या साडेआठच्या उन्हात बाकावर बसलेले असतात, त्या उन्हात त्यांच्या सावल्या त्यांच्या दुपटीहून लांब पडलेल्या असतात.

काचेतूनही हे किरण येत नाहीत. फ्लॅटच्या बाल्कनीला सरकत्या काचा लावून घेतल्या आणि आजींची खुर्ची तिथे ठेवली, तर त्यांना ऊब मिळते, उजेड मिळतो, ड जीवनसत्त्व मिळत नाही. गोऱ्या कातडीपेक्षा आपल्या सावळ्या कातडीला जास्त वेळ लागतो, कारण रंगद्रव्य हेच किरण अडवतं. शहरातली धूळ आणि धूर आणखी थोडे अडवतात. पुण्यातल्या पुरुषांवर झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की नेहमीच्या कपड्यांत, कामाच्या ओघात मिळणारं दुपारचं ऊन रोज तासाभराहून जास्त असेल तेव्हाच रक्तातली पातळी पुरेशी राहते. आणि हे पुरुष म्हातारे नव्हते.

मग पंचाहत्तरीच्या माणसाला मे महिन्यात नागपूरच्या किंवा चंद्रपूरच्या दुपारी उन्हात बसवायचं का? मुळीच नाही. तिथे उष्माघाताचा धोका खरा आहे आणि म्हाताऱ्या शरीराला तहान आणि उष्णता दोन्ही उशिरा कळतात. थंडीत अकरा-साडेअकरानंतर हात, पाय, पाठ उघडी ठेवून वीस-पंचवीस मिनिटं अंगणात किंवा गच्चीत बसता आलं तर जरूर बसावं. ज्यांना ते जमत नाही, जे घराबाहेर पडत नाहीत, ज्यांचं अंग पूर्ण झाकलेलं असतं, त्यांनी उन्हाच्या भरवशावर राहू नये. त्यांच्यासाठी गोळी हाच सरळ मार्ग आहे, आणि त्यात कमीपणा वाटण्यासारखं काही नाही.

ताटातून मिळतं ते

फार थोडं. तारली, बांगडा अशा तेलकट माशांत ड जीवनसत्त्व असतं, अंड्याच्या पिवळ्या बलकात थोडं असतं. कोकणातल्या, गोव्यातल्या रोजच्या जेवणात मासळी असणाऱ्यांना त्याचा काही हातभार लागतो. शाकाहारी ताटात मात्र ते जवळपास नसतंच. दुधाच्या पिशवीवर निळ्या रंगात अधिकचं चिन्ह आणि एफ हे अक्षर असेल तर त्या दुधात अ आणि ड जीवनसत्त्वं घातलेली असतात. पण अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमाप्रमाणे लिटरला साधारण २०० ते ३०० युनिट, म्हणजे एका कपात ४०-६० युनिट. तेवढ्याने गरज भागत नाही.

कॅल्शियमचं मात्र उलट आहे, ते ताटातून मिळवता येतं. साठीनंतर दिवसाला १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम घ्यावं असं सांगितलं जातं. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. तिळात तर त्याहून कितीतरी जास्त. दूध, दही, ताक, नाचणीची भाकरी किंवा आंबील, तिळाची चटणी, राजगिरा, हे रोज पोटात जात असेल तर कॅल्शियमची गोळी अर्धीच लागते किंवा लागतही नाही. ड जीवनसत्त्व पुरेसं नसेल तर यातलं बरंचसं कॅल्शियम शोषलंच जात नाही, म्हणून दोन्हींचा विचार एकत्र करायचा.

आठशे आणि साठ हजार

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० मध्ये भारतीयांसाठी शिफारशी काढल्या. त्यात प्रौढांसाठी दिवसाला ६०० आणि साठीनंतर ८०० युनिट ड जीवनसत्त्व सांगितलं आहे. अमेरिकेतल्या शिफारशीतही सत्तरीनंतर ८०० हाच आकडा आहे. त्यांनीच, डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय दिवसाला ४,००० युनिटच्या वर जाऊ नये, अशी मर्यादाही घातली आहे.

आता पुडीचा हिशेब करू. साठ हजार भागिले सात म्हणजे दिवसाला सुमारे साडेआठ हजार युनिट. गरजेच्या दहापट. साठा रिकामा असतो तेव्हा हेच हवं असतं, म्हणून डॉक्टर आठ आठवडे पुडी देतात. ड जीवनसत्त्व चरबीत साठतं, म्हणून आठवड्यातून एकदा देऊनही चालतं. पण साठा भरल्यावरही तोच रतीब चालू ठेवला तर ते साठतच राहतं. जास्तीचं क जीवनसत्त्व लघवीवाटे निघून जातं, तसं याचं होत नाही.

एकदम मोठी मात्रा दिली की फायदा मोठा होईल, असं आधी डॉक्टरांनाही वाटत होतं. ऑस्ट्रेलियात सत्तरीच्या पुढच्या २,२५६ बायकांपैकी निम्म्यांना वर्षातून एकदाच पाच लाख युनिट देऊन पाहिलं. २०१० मध्ये निकाल आला. औषध घेतलेल्या बायका जास्त वेळा पडल्या आणि त्यांची हाडंही जास्त मोडली. पडणं १५ टक्क्यांनी जास्त, हाड मोडणं २६ टक्क्यांनी जास्त. पुढे २०१६ मध्ये झुरिकमधला एक अभ्यास आला. आधी एकदा पडून झालेल्या, सत्तरी ओलांडलेल्या २०० माणसांत एका गटाला महिन्याला २४,००० युनिट दिले आणि एकाला महिन्याला ६०,०००. वर्षभरात कमी मात्रेच्या गटात शंभरातले ४८ जण पडले, साठ हजारवाल्यांत ६७. गट लहान होते, तेव्हा यावरून घाबरून पुडी फेकून देऊ नये. पण जो माणूस आधीच तोल जाऊन पडतो, त्याला एकदम मोठी मात्रा देण्यापेक्षा रोजची छोटी गोळी द्यावी, असं माझं ठाम मत त्यावरून झालं आहे. २०२४ मध्ये अंतःस्रावी ग्रंथींच्या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनेही, पन्नाशीनंतर ड जीवनसत्त्व द्यायचं तर अधूनमधून मोठ्या मात्रेऐवजी रोज छोट्या मात्रेत द्यावं, असं सुचवलं आहे. एक हजार युनिटच्या गोळ्या केमिस्टकडे मिळतात. पुडीचा कोर्स झाला की डॉक्टरांना एवढंच विचारायचं, की आता रोजची कोणती लिहून देता.

गोळी घ्यायची ती जेवणानंतर, आणि जेवणात थोडं तूप-तेल असावं. वरणभातावर तूप घेतलेलं दुपारचं जेवण त्यासाठी उत्तम. उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घेतलेली गोळी कमी शोषली जाते.

डबा उलटा करून पाहा

माझ्या मावशीचा डबा एकदा मी टेबलावर उलटा केला. आठवड्याची पुडी होतीच.

‘मावशी, ही कधीपासून घेतेस?’

‘गेल्या दिवाळीच्या आधीपासून गं. डॉक्टरांनी आठवड्याला एक सांगितली होती.’

‘किती आठवडे?’

‘ते कुठे लिहिलंय? मी आपली घेते.’

सोबत कॅल्शियमची गोळी होती, दिवसातून दोनदा. तिच्यातही प्रत्येकी ५०० युनिट. दोन्ही मिळून दिवसाला साडेनऊ हजार युनिट झाले. आणि दुसऱ्या डॉक्टरांनी ‘हाडांसाठी’ लिहून दिलेली एक कॅप्सूल होती, जिच्या पाठीमागे बारीक अक्षरांत ‘कॅल्सिट्रिऑल ०.२५ मायक्रोग्रॅम’ असं छापलेलं होतं.

हे नाव नीट ओळखा. ‘कोलेकॅल्सिफेरॉल’ म्हणजे नेहमीचं डी थ्री. त्याच्यावर यकृत आणि मूत्रपिंडात काम व्हायचं असतं, आणि किती कामाला लावायचं हे मूत्रपिंड ठरवतं. ‘कॅल्सिट्रिऑल’ हे आधीच पूर्ण तयार झालेलं, मूत्रपिंडाचा पहारा ओलांडून थेट कामाला लागणारं रूप आहे. ज्यांची मूत्रपिंडं हे शेवटचं काम करू शकत नाहीत त्यांना ते जीवनदायी ठरतं. पण ज्यांची मूत्रपिंडं ठीक आहेत त्यांना रोजच्या कॅल्शियमच्या गोळीतून ते देण्याची सहसा गरज नसते, आणि त्याने रक्तातलं कॅल्शियम झटकन चढू शकतं. वर, नेहमीच्या ड जीवनसत्त्वाच्या तपासणीत ते दिसतही नाही. आपल्याकडे कॅल्शियमच्या कितीतरी गोळ्यांत ते घातलेलं असतं आणि घेणाऱ्याला पत्ता नसतो. स्ट्रिपची मागची बाजू वाचा. अक्षर बारीक असेल तर मोबाईलने फोटो काढून मोठा करा.

अति झालं तर दिसतं काय? बद्धकोष्ठ, मळमळ, भूक मरणं, सारखी तहान आणि सारखी लघवी, विलक्षण थकवा, बोलण्यात गोंधळ. ही सगळी लक्षणं वयाच्या, मधुमेहाच्या, ‘आजकाल विसरायला लागलेत’ अशा खात्यावर सहज टाकली जातात. मूत्रपिंडं निकामी होईपर्यंत गोष्ट जाऊ शकते. विशेषतः सहा लाख युनिटची इंजेक्शनं कुणी थोड्या-थोड्या अंतराने पुन्हा पुन्हा देत असेल तर ती घेऊ नयेत. अशा इंजेक्शनांनी विषबाधा झालेले रुग्ण भारतात नोंदवले गेले आहेत. मुतखड्याचा त्रास, मूत्रपिंडाचा आजार, क्षयरोग, सार्कॉइडोसिस किंवा पॅराथायरॉइडचा विकार असेल, किंवा हृदयासाठी डिगॉक्सिन, रक्तदाबासाठी क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायझाइड चालू असेल, तर ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम डॉक्टरांना सांगूनच घ्यायचं. उलट फिट्सवरची फेनिटोइनसारखी जुनी औषधं आणि क्षयरोगावरचं रिफॅम्पिसिन शरीरातलं ड जीवनसत्त्व लवकर संपवतात. तिथे मात्रा वाढवावी लागते.

रिपोर्टमधला लाल आकडा

तपासणीचं नाव ‘२५ हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी’. आकडा नॅनोग्रॅममध्ये येतो. कितीच्या खाली कमतरता म्हणायची, यावर डॉक्टरांमध्ये बरीच वर्षं वाद चालला. अमेरिकेच्या तज्ज्ञ समितीने २०१० च्या अखेरीस सांगितलं, की २० असेल तर जवळपास सगळ्यांच्या हाडांना पुरतं. त्या अंतःस्रावी ग्रंथींच्या संघटनेने २०११ मध्ये ३० चा आकडा धरला आणि जगभरच्या लॅबनी तोच छापला. त्यामुळे २४ आलेला रिपोर्टही ‘अपुरं’ म्हणून ठळक होऊन येतो आणि माणूस धास्तावतो. त्याच संघटनेने २०२४ मध्ये ३० चा आग्रह सोडून दिला, निरोगी माणसांनी सरसकट तपासणी करू नये असं सांगितलं आणि पंचाहत्तरीनंतर तपासणी न करताच रोजची छोटी मात्रा घ्यावी असंही सुचवलं.

माझ्या मते आपल्या घरांसाठी हाच शहाणपणाचा मार्ग आहे. घराबाहेर फारसं न पडणाऱ्या आजी-आजोबांना रोजच्या ८०० ते १,००० युनिटसाठी महागडी तपासणी लागत नाही. तपासणी करायची ती अंगदुखी आणि स्नायूंचा दुबळेपणा असेल तेव्हा, किरकोळ पडण्याने हाड मोडलं असेल तेव्हा, ठिसूळ हाडांवरचं इंजेक्शन सुरू करायच्या आधी, किंवा शोषणाचा, यकृताचा, मूत्रपिंडाचा आजार असेल तेव्हा. उपचारानंतरची तपासणी तीन महिन्यांनी, त्याआधी करून पैसे घालवू नयेत.

आणि अपेक्षा किती ठेवायची? १९९२ मध्ये फ्रान्समधल्या वृद्धाश्रमांतल्या ३,२७० बायकांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सरासरी वय ८४. रोज ८०० युनिट आणि १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम. दीड वर्षात खुब्याची हाडं मोडण्याचं प्रमाण ४३ टक्क्यांनी कमी झालं. तीस वर्षांनी, २०२२ मध्ये, अमेरिकेतल्या जवळपास २६ हजार माणसांवरच्या अभ्यासाचा निकाल आला. रोज २,००० युनिट, पाच वर्षांहून जास्त काळ, आणि हाडं मोडण्यात काहीही फरक नाही. दोन्ही निकाल खरे आहेत. फ्रान्समधल्या त्या म्हाताऱ्या बायका आत बसून असलेल्या, कमतरता असलेल्या होत्या. अमेरिकेतले लोक पन्नाशीच्या पुढचे, बऱ्यापैकी धडधाकट, आणि बहुतेकांची पातळी आधीच पुरेशी होती. ज्याच्याकडे कमी आहे त्याला दिलं की फरक पडतो, ज्याच्याकडे आहे त्याला आणखी दिल्याने काही मिळत नाही. झिजलेल्या गुडघ्यांचं दुखणं पुडीने जाईल, अशी आशा तर कुणी धरूच नये. आणि पडणं टाळायचं असेल तर न्हाणीघरात धरायला दांडा, रात्री दिवा, झोपेच्या गोळ्यांचा फेरविचार, मोतीबिंदूचं वेळेवर ऑपरेशन आणि रोज खुर्ची धरून दहा वेळा उठबस, यांचा उपयोग कोणत्याही गोळीहून जास्त आहे.

शाकाहारी मंडळी एक प्रश्न हमखास विचारतात. डी थ्री बहुतेक वेळा मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून बनवतात, मेंढी मारून नव्हे. मऊ कॅप्सूलचं आवरण मात्र बहुधा जिलेटिनचं, म्हणजे प्राण्यापासूनचं असतं. ज्यांना ते चालत नाही त्यांनी पुडी किंवा थेंब मागावेत. दगडफुलासारख्या लायकेनपासून केलेलं पूर्ण वनस्पतिजन्य डी थ्रीसुद्धा मिळतं.

नातवंडांसाठी थंडीत लंडनला किंवा न्यू जर्सीला जाऊन राहणाऱ्या आजी-आजोबांना तर तिथे ऊन असूनही ड जीवनसत्त्व मिळत नाही. तिकडे थंडीचे काही महिने सूर्य भर दुपारीही इतका खाली असतो की कामाचे किरण जवळजवळ पोचतच नाहीत. ब्रिटनमध्ये सरकारच सगळ्यांना त्या काळात रोज ४०० युनिट घ्यायला सांगतं, आणि सावळ्या कातडीच्या माणसांना वर्षभर. तेव्हा गोळी सामानात असू द्या. परत येताना मुलं जी मोठी बाटली हातात देतात तिच्यावरचा आकडा मात्र वाचा. तिथे मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते आणि एक मायक्रोग्रॅम म्हणजे ४० युनिट. १२५ मायक्रोग्रॅम लिहिलं असेल तर ती पाच हजार युनिटची गोळी आहे, रोज घ्यायची नाही. मुलांना २५ मायक्रोग्रॅमची आणायला सांगा, ती हजारची.